साहेबांचं बोलणं रेकॉर्ड केलं, आता पुढे काय? क्लिप कुठे चालते, कुठे अंगलट येते

“माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे.” कामाच्या ठिकाणचा कुठलाही वाद निघाला की आता हे वाक्य लगेच कानावर येतं. अंगणवाडीची मदतनीस असो, पतसंस्थेचा पिग्मी एजंट असो, एमआयडीसीत ठेकेदाराकडे राबणारा पोरगा असो, नाहीतर विनाअनुदानित शाळेवरचे सर. तक्रारीचा अर्ज नंतर लिहिला जातो, क्लिप आधी तयार असते. आणि बऱ्याचदा ती वरच्या साहेबाकडे जायच्या आधी गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचलेली असते.

त्यातच एक मेसेज फिरतो. सुप्रीम कोर्टाने चोरून केलेलं रेकॉर्डिंग कायदेशीर ठरवलं, आता बिनधास्त करा, असा. हा मेसेज अर्धाच खरा आहे, आणि अर्धवट खऱ्या माहितीनेच माणूस जास्त गोत्यात येतो. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचं तर तीन प्रश्नांवर सगळं ठरतं. त्या बोलण्यात तुम्ही स्वतः होता का? क्लिप मूळची आणि अख्खी आहे का? आणि ती तुम्ही कुठे दिली? तिन्हीची उत्तरं बरोबर असतील तर क्लिप कामाला येते. एक जरी चुकलं तरी तीच क्लिप तुमच्यावर उलटू शकते.

कोर्टाचा तो निकाल नेमका कशाचा?

सुप्रीम कोर्टाचा तो निकाल १४ जुलै २०२५ चा आहे. प्रकरण पंजाबातल्या नवरा-बायकोचं होतं. घटस्फोटाच्या दाव्यात नवऱ्याने बायकोशी फोनवर झालेल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून दिलं. बायकोला न सांगता ते केलेलं होतं. भटिंड्याच्या कुटुंब न्यायालयाने ते घेतलं. पंजाब-हरियाणा हायकोर्टाने २०२१ मध्ये म्हटलं की हा बायकोच्या खाजगीपणाचा भंग आहे, चालणार नाही. सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल बाजूला ठेवला आणि नवरा-बायकोच्या आपसातल्या दाव्यात असा पुरावा तपासता येईल असं सांगितलं. दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडायचा हक्क आहे, हे त्यामागचं मुख्य कारण.

म्हणजे हा निकाल संसारातल्या भांडणाचा आहे. साहेब, मुकादम, चेअरमन यांच्याबद्दल त्यात काही नाही. कुणाचंही, कधीही रेकॉर्डिंग करा अशी मोकळीक तर बिलकुल नाही. पण म्हणून नोकरीच्या वादात रेकॉर्डिंग चालतच नाही असंही नाही. त्यासाठी कोर्टाचे दुसरे निकाल आहेत आणि ते खूप जुने आहेत.

मोबाईल नव्हते तेव्हापासूनचा प्रश्न

पंजाबच्या आरोग्य खात्यात एक सिव्हिल सर्जन होते, डॉ. प्रताप सिंग. निवृत्तीपूर्वीची रजा मंजूर झालेली असताना सरकारने ती १९६१ मध्ये रद्द केली, त्यांना निलंबित केलं आणि खात्याची चौकशी लावली. डॉक्टरांचं म्हणणं असं की मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों यांनी हे वैयक्तिक रागातून केलं. पुरावा म्हणून त्यांनी टेप दिल्या. त्यात मुख्यमंत्र्यांच्या पत्नीशी झालेलं बोलणंही होतं. सरकारची बाजू अशी की टेपमध्ये फेरफार करता येतो, म्हणून ती धरू नये. सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्ये बहुमताने डॉक्टरांच्या बाजूने निकाल दिला आणि ते आदेश रद्द केले. फेरफार होऊ शकतो एवढ्यावरून टेप फेकून देता येत नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं. एका नोकरदाराने थेट मुख्यमंत्र्यांविरुद्ध टेप वापरली आणि ती टिकली, तीही साठ वर्षांपूर्वी.

दुसरं प्रकरण आपल्या मुंबईचं. आर. एम. मलकानी हे मुंबईचे कोरोनर होते. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी म्हणजे कोरोनर. एका डॉक्टरकडून लाच मागितल्याचा आरोप त्यांच्यावर होता. लाचलुचपत खात्याच्या अधिकाऱ्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरच्या संमतीने त्याच्या फोनला यंत्र जोडलं आणि मलकानींचं बोलणं टेप केलं. मलकानींचा बचाव असा होता की मला न सांगता टेप केलं, हे बेकायदा आहे. सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये तो मान्य केला नाही. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती होती. मलकानी आपणहून बोलले, त्यांना कुणी धाक घातला नव्हता. कोर्टाने पुढे असंही म्हटलं की पुरावा मिळवायची पद्धत जरी चुकीची असली, तरी तेवढ्याने पुरावा बाद होत नाही. मात्र अशा पुराव्याकडे सावधपणे बघावं लागतं.

आज वकील मंडळी कोर्टात क्लिप देतात तेव्हा आधार बहुतेक वेळा याच निकालांचा असतो.

पहिला प्रश्न : त्या बोलण्यात तुम्ही होता का?

इथे बरेच जण फसतात. साहेब तुमच्याशी बोलले, फोनवर किंवा समोरासमोर, आणि तुम्ही ते रेकॉर्ड केलं, ही एक गोष्ट. तुम्ही त्या बोलण्यातले एक आहात. स्वतःशी झालेलं बोलणं नोंदवलं एवढ्यावरून गुन्हा ठरवेल असं सरळ कलम आपल्याकडे नाही.

पण साहेबांच्या केबिनमध्ये फोन चालू ठेवून बाहेर यायचं आणि आत दोघंजण काय बोलतात ते टिपायचं, ही गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे तुम्ही तिसरे. दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये गुपचूप ॲप टाकून त्याचे कॉल ऐकणं तर त्याहून गंभीर. दूरसंचार कायदा २०२३ नुसार दुसऱ्याचा संदेश बेकायदा मध्येच पकडणं गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. सरकारलासुद्धा कुणाचा फोन ऐकायचा असेल तर कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने, वरिष्ठ अधिकाऱ्याचा लेखी आदेश घ्यावा लागतो.

खाजगीपणाचा मुद्दाही आता हलका राहिलेला नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी तो मूलभूत हक्क ठरवला. त्यामुळे समोरचा वकील आज हा मुद्दा काढणारच. तुमची बाजू कधी मजबूत? बोलणं कामाचं असेल, तक्रारीशी थेट जोडलेलं असेल तेव्हा. साहेबाने पगार अडवायची धमकी दिली, ही कामाची गोष्ट. साहेब आपल्या घरच्या भांडणाबद्दल मन मोकळं करत होते आणि तुम्ही तेही टिपून ठेवलं, तर तिथे तुमची बाजू लंगडी पडते.

अजून एक. काही कंपन्यांत, बँकांत, कारखान्यांत आत मोबाईल न्यायला किंवा रेकॉर्डिंग करायला नियमानेच मनाई असते. तिथे क्लिप पुरावा म्हणून विचारात घेतली जाईलही, पण नियम मोडला म्हणून तुम्हाला कारणे दाखवा नोटीस वेगळी येऊ शकते. हे दोन वेगळे हिशोब आहेत. नेमणूकपत्र आणि नियमावली आधी वाचा.

दुसरा प्रश्न : क्लिप मूळची अन् अख्खी आहे का?

“बघून घेतो तुला” आणि “बघून घेतो तुझं काम” यात एकाच शब्दाचा फरक आहे. पहिली धमकी, दुसरं आश्वासन. आपल्या बोलण्यात अर्थ सुरावर असतो, आधीच्या वाक्यावर असतो. “चहापाण्याचं काय” हा प्रश्न कुठे खरंच चहाचा असतो आणि कुठे लाचेचा. म्हणून मधलेच वीस सेकंद कापून दिलेली क्लिप कुणालाही पटत नाही. समोरचा एकच विचारतो, आधी तुम्ही काय बोललात ते का कापलं?

१९८५ मध्ये हरियाणातल्या एका निवडणूक प्रकरणात सुप्रीम कोर्टाने टेपसाठी अटी घालून दिल्या. आवाज कुणाचा ते ओळखता आलं पाहिजे. रेकॉर्डिंग जसंच्या तसं आहे हे ते करणाऱ्याने सिद्ध केलं पाहिजे. फेरफाराची शक्यता उरता कामा नये. बोलणं वादाशी जोडलेलं पाहिजे. टेप सुरक्षित, सीलबंद ठेवलेली पाहिजे. आणि आवाज स्पष्ट ऐकू आला पाहिजे. यंत्रं बदलली, टेपच्या जागी मोबाईल आला, पण अटींचा गाभा तोच आहे.

मोबाईलच्या काळातला मोठा निकाल तर आपल्या जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभेला तिथे अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज वेळेत दिला की नाही यावरून वाद कोर्टात गेला आणि निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवर गाडी आली. १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूळ यंत्रातून काढलेली कॉपी, म्हणजे सीडी, पेन ड्राइव्ह वगैरे, पुरावा म्हणून द्यायची तर सोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. पण ज्याचा मोबाईल किंवा कॉम्प्युटर आहे तो स्वतः साक्षीला उभा राहिला आणि मूळ यंत्रच कोर्टापुढे ठेवलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही.

यातून आपल्यासाठी धडा साधा आहे. ज्या मोबाईलमध्ये रेकॉर्डिंग झालं तो मोबाईल जपा. तो विकला, एक्स्चेंजमध्ये दिला, रिसेट मारला की मूळ पुरावा गेला.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राचा नमुना आहे. त्याचे दोन भाग. पहिला पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमधला एक सेकंद जरी कापला तरी ठसा बदलतो. व्हॉट्सॲपवरून इकडून तिकडे फिरलेल्या क्लिपचं नाव बदलतं, मूळ तारीख-वेळेची नोंद अनेकदा पुसली जाते. म्हणून फॉरवर्ड होऊन आलेली क्लिप पुरावा म्हणून फार कमकुवत.

आता एआयवर कुणाच्याही आवाजात वाक्य तयार करता येतं. त्यामुळे “तो मी नव्हेच” म्हणायची सोय सगळ्यांना झाली आहे. त्यालाही उत्तर आहे. गुन्ह्याच्या तपासात मॅजिस्ट्रेट आवाजाचा नमुना द्यायला सांगू शकतात, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं, आणि नव्या फौजदारी कायद्यातही ती तरतूद आहे. नमुना आणि क्लिप न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासली जाते. पण तपासायला मूळ फाइल हवी. ती तुम्हीच डिलीट केली असेल तर प्रयोगशाळा तरी काय तपासणार?

तिसरा प्रश्न : क्लिप दिली कुठे?

इथे जागेजागेचा नियम वेगळा आहे.

खात्याची चौकशी. सरकारी नोकरी, जिल्हा परिषद, एसटी, बँक, कारखाना, कुठेही खातेनिहाय चौकशी लागली तर तिथे कोर्टाइतके कडक पुराव्याचे नियम नसतात. १९७७ मध्ये हरियाणाच्या एका बस कंडक्टरच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं. प्रवाशांकडून पैसे घेऊन तिकीट दिलं नाही असा आरोप होता, आणि त्या प्रवाशांची साक्षच घेतलेली नव्हती. तरी कोर्ट म्हणालं की शहाण्या माणसाला पटेल असा, विषयाशी जोडलेला पुरावा चौकशीत चालतो. म्हणजे कोर्टात जे प्रमाणपत्र काटेकोर लागतं, त्याच्याशिवायही चौकशी अधिकारी क्लिप ऐकू शकतो. मात्र ज्याच्याविरुद्ध क्लिप आहे त्याला तिची कॉपी मिळाली पाहिजे आणि उत्तर द्यायची संधी मिळाली पाहिजे. हे लक्षात ठेवा, कारण उद्या क्लिप तुमच्याविरुद्ध आली तर हाच हक्क तुमचाही आहे.

महिलांचा लैंगिक छळ. यासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती पाहिजेच. ती नेमली नाही तर मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिच्यासाठी प्रत्येक तालुक्यात एक नोडल अधिकारी नेमायचा आहे. त्याने तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर समितीने लिहायला मदत करायची, असं कायद्यातच आहे. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं द्यायची. क्लिप इथे द्यायची.

याच कायद्यातली दोन वाक्यं फार कामाची आहेत. आरोप सिद्ध करता आला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. पण बनावट किंवा दिशाभूल करणारा कागद-पुरावा दिला तर कारवाई होऊ शकते. कापलेली क्लिप कुठल्या बाजूला जाईल, हे वेगळं सांगायला नको.

लाच. साहेबाने बिलासाठी, बदलीसाठी, पगार काढण्यासाठी पैसे मागितले तर फक्त स्वतःच्या रेकॉर्डिंगवर विसंबू नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४ आहे. सापळा लावायच्या आधी ते पंचांसमोर, त्यांच्या स्वतःच्या यंत्रावर मागणीची पडताळणी करतात. पंचांसमोर झालेल्या रेकॉर्डिंगला जे वजन असतं ते तुमच्या एकट्याच्या क्लिपला नसतं. तुमची क्लिप त्यांना सुरुवातीला दाखवायला उपयोगी.

खाजगी कंपनीतली बडतर्फी, थकलेला पगार. हे सरकारी कामगार अधिकारी आणि कामगार न्यायालयाकडे. तिथे क्लिपपेक्षा हजेरी, पगाराची बँक नोंद, पीएफचं पासबुक हे आधी बघितलं जातं. क्लिप त्याला जोड म्हणून.

ग्रुपवर टाकली की चित्र पालटतं

क्लिप पहिल्यांदा कुणाकडे जाते, तर आमच्यासारख्या बातमीदाराकडे. “टाका, व्हायरल करा, मग बघा कसा वठणीवर येतो.” लोकांचा राग कळतो. पण यात नुकसान बहुतेक वेळा तक्रारदाराचंच होतं.

क्लिप चौकशी अधिकाऱ्याकडे दिली तर ती तक्रार असते. ग्रुपवर टाकली की ती बदनामीचा आरोप ओढवून घेऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायदेशीर अधिकार असलेल्याकडे चांगल्या हेतूने केलेल्या तक्रारीला त्यात संरक्षण आहे. गावभर वाटलेल्या क्लिपला तसं सरसकट संरक्षण नाही. लैंगिक छळाच्या प्रकरणात तर तक्रारीतला मजकूर, दोन्ही बाजूंची नावं-पत्ते, साक्षीदार, चौकशीत काय चाललंय, यातलं काहीही लोकांपुढे किंवा प्रसारमाध्यमांपुढे आणायला कायद्याने मनाई आहे. आम्ही अशी क्लिप लावत नाही म्हणून “साहेबाला मॅनेज झाले” असा आरोप होतो. तो आरोप सोसला तरी चालेल, पण त्या बाईचं नाव तालुकाभर झालं तर ते परत घेता येत नाही.

आणखी एक वाईट प्रकार वाढतोय, क्लिप दाखवून सेटलमेंट. “एवढे द्या, डिलीट करतो.” हे म्हटलं त्या क्षणी पीडित माणूस आरोपी होतो. धाक दाखवून पैसे मागणं ही खंडणी आहे, मग क्लिपमधलं बोलणं कितीही खरं असो. कुणी मध्यस्थ अशी तोड काढून देतो म्हणाला तर त्याला लांब ठेवा.

मग लोक रेकॉर्डिंग करतात तरी का?

शहरातल्या ऑफिसात आदेश ईमेलवर येतो. आपल्याकडे आदेश तोंडी येतो. “उद्यापासून येऊ नको.” “सही कर, पैसे नंतर बघू.” “रविवारी पण यायचं, हजेरी लागणार नाही.” यातलं काहीच कागदावर नसतं. ठेकेदाराकडच्या कामगाराला कितीतरी ठिकाणी नेमणूकपत्रही नसतं. साक्षीदार म्हणावं तर बाजूला उभा असलेला माणूसही त्याच साहेबाच्या हाताखालचा. त्याला उद्याची हजेरी दिसते, तो कशाला बोलेल? अशा वेळी माणसाकडे एकच साक्षीदार उरतो, खिशातला मोबाईल. त्याला दोष कसा द्यायचा?

पण दुसरी बाजूही आपलीच आहे. ग्रामसेवक, मुख्याध्यापक, सोसायटीचा सचिव, पर्यवेक्षिका ही मंडळी आपल्याच गावांतली. दिवसभर कुणीतरी आपल्याला टिपतंय या भीतीने ते तोंड उघडत नाहीत. काही जण फोन उचलत नाहीत, उचलला तर “ऑफिसला या” एवढंच म्हणतात. मुद्दाम उचकवायचं, चिडून शिवी निघाली की तेवढीच क्लिप ठेवायची, असेही महाभाग आहेत. ज्याच्याविरुद्ध अशी क्लिप येते त्याने घाबरून माफीनामा लिहून देऊ नये. अख्खं रेकॉर्डिंग मागावं, मूळ मोबाईल हजर करायला सांगावा, आणि आपलं म्हणणं लेखी द्यावं. खऱ्या क्लिपला या तीन गोष्टींची भीती नसते.

रेकॉर्डिंग असेल तर हे करा

१. मूळ फाइल त्याच मोबाईलमध्ये तशीच राहू द्या. नावसुद्धा बदलू नका. एक कॉपी पेन ड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डवर काढून ठेवा.

२. त्याच दिवशी वहीत लिहा. तारीख, वेळ, जागा, कोण कोण होतं, विषय काय होता. सहा महिन्यांनी साक्षीत हेच विचारतात.

३. बोलणं शब्दशः लिहून काढा. तुमचे शब्दही लिहा. बोलीतला शब्द असेल तर तो तसाच ठेवा, पुस्तकी करू नका.

४. तक्रारीचा अर्ज क्लिपशिवायही उभा राहील असा लिहा. हजेरी, मेसेज, बँक नोंद, साक्षीदार आधी. “सोबत रेकॉर्डिंग जोडले आहे” ही ओळ शेवटी.

५. अर्ज आवक विभागात द्या आणि पोच घ्या. सही-शिक्क्याची पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

६. मोबाईल कुणाच्या हवाली करायची वेळ आली, तर मॉडेल, आयएमईआय नंबर आणि तारीख लिहून लेखी पावती घ्या.

७. कुणालाही फॉरवर्ड करू नका. घरच्या ग्रुपवरसुद्धा नाही.

८. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे. प्रमाणपत्राचा दुसरा भाग भरायला तज्ज्ञ कोण, हेही तिथेच विचारा.

एक तांत्रिक गोष्ट. गुगलच्या फोन ॲपवर कॉल रेकॉर्ड केला की समोरच्याला तशी सूचना ऐकू जाते. ती ऐकूनही समोरचा बोलत राहिला तर मग ते चोरून केलेलं रेकॉर्डिंग उरतच नाही. ही सूचना तोट्याची समजू नका. तिच्यामुळे क्लिपचं वजन वाढतं.

शेवटी मालक, ठेकेदार आणि साहेब मंडळींसाठी दोन शब्द. या क्लिपांचा त्रास खरंच थांबवायचा असेल तर मोबाईल बाहेर ठेवायचा बोर्ड लावून तो थांबणार नाही. आदेश लेखी द्या, हजेरीची नोंद कामगाराला दाखवा, तक्रार आली तर पोच द्या, अंतर्गत समितीची नावं दारावर लावा. ज्याच्या हातात कागद आहे त्याला खिशात फोन चालू ठेवून केबिनमध्ये यावं लागत नाही. आणि ज्याच्या हातात कागद नाही, त्याला कोर्टाने ही वाट साठ वर्षांपूर्वीपासून मोकळी ठेवली आहे. फक्त ती अर्जाला जोडून वापरायची आहे, ग्रुपवर टाकून नाही.